परप्रांतीय मजूर आणि पुण्याचे कर्तव्य

पुण्यात परप्रांतीयांची गर्दी फार झाली, ही तक्रार आता केवळ कट्ट्यावरची राहिलेली नाही. ती सभांतून, निवडणुकांतून आणि सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांतूनही ऐकू येते. तक्रार करणारांस संकुचित ठरवून आम्ही मोकळे होणार नाही. आपल्या गावात आपल्या मुलास काम मिळावे, घरभाडे आवाक्यात राहावे, नळास पाणी यावे आणि बाजारात आपली भाषा कानी पडावी, या अपेक्षांत गैर काही नाही. प्रश्न इतकाच की, या दुखण्याचे निदान बरोबर आहे काय?

ज्या पेशव्यांच्या नावाने या शहराचा लौकिक झाला, त्यांचे भट घराणे कोकणातील श्रीवर्धनचे. फाळणीनंतर सर्वस्व गमावून आलेले सिंधी निर्वासित पिंपरीस वसले आणि तेथील बाजारपेठ त्यांनी नावारूपास आणली. पुढे पिंपरी-चिंचवडचे कारखाने चालले ते सातारा, सोलापूर, मराठवाडा येथून आलेल्या तरुणांच्या बळावर. त्या काळी तेही उपरेच होते. आज त्यांची नातवंडे स्वतःस अस्सल पुणेकर म्हणवतात, आणि ते यथार्थच आहे.

बाहेरून मजूर आले की स्थानिकाची मजुरी घसरते, हा समज जगभर आहे. १९८० साली क्यूबातून सुमारे सव्वा लाख माणसे काही महिन्यांत अमेरिकेत उतरली. त्यांतील बरीचशी मायामीत राहिल्याने त्या शहरातील कामकरी वर्ग सुमारे सात टक्क्यांनी वाढला. डेव्हिड कार्ड या अर्थशास्त्रज्ञाने १९९० साली हिशेब मांडला, तेव्हा स्थानिकांच्या मजुरीवर वा रोजगारावर म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. कारण आलेला माणूस काम घेतो, तसा तो भाडे भरतो, धान्य-कापड घेतो आणि त्यातून नवे कामही निर्माण होते. जॉर्ज बोर्हास यांनी पुढे आक्षेप घेतला की, अगदी कमी शिकलेल्यांची मजुरी मात्र घटली. हा वाद अद्याप मिटलेला नाही. परंतु झळ बसलीच तर ती सर्वांत खालच्या पायरीवरील माणसास बसते, एवढे त्यातून आपण घ्यावे आणि आपल्या शहरातील ती पायरी तपासावी.

बिहार, झारखंड, ओडिशा येथून येणारा बांधकाम मजूर बहुधा ठेकेदारामार्फत येतो. त्याने घेतलेली उचल, परका मुलूख, परकी भाषा; तो तक्रार कोणाकडे करणार? तो स्वस्त पडतो याचे कारण त्याचा प्रांत नव्हे, त्याच्याबाबतीत कायदा निजलेला असतो हे आहे. आणि तो स्वस्त पडला की, मजूर अड्ड्यावर सकाळी उभ्या असलेल्या मराठवाड्यातील मजुराचा भावही पडतो. दोघांचे हित एकच आहे. त्यांस एकमेकांविरुद्ध उभे करणारांचे हित मात्र निराळे आहे.

कायद्यांचा तुटवडा नाही. स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली कायदा झाला. तो आता ज्या संहितेत सामावला आहे, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसवून कामगारांच्या कल्याणाची तरतूद केली. परंतु त्या निधीचा लाभ नोंदणीवाचून नाही, आणि नोंदणीस वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. जो ठेकेदार हजेरीपटावर नावच लावत नाही, तो दाखला कशास देईल?

२९ जून २०१९ च्या मध्यरात्री कोंढव्यात सोसायटीची संरक्षक भिंत पत्र्याच्या खोल्यांवर कोसळून पंधरा जीव गेले. त्यांत चार मुले होती. मृतांपैकी बहुतेक बिहारचे. फेब्रुवारी २०२२ मध्ये येरवड्यात लोखंडी जाळी कोसळून आणखी पाच मजूर दगावले. इमले आपल्यासाठी उठत होते. २०२० च्या टाळेबंदीत हेच लोक पायी निघाले, तेव्हा बांधकामे ठप्प झाली आणि त्यांची किंमत आपणांस कळली. पण ती जाणीव ते परतेपर्यंतही टिकली नाही.

सुशिक्षित पुणेकरास एक गोष्ट विचारावीशी वाटते. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी परवान्यासाठी एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले, तेव्हा येथील किती घरांत काळजी दाटली! आमची मुले त्या देशाचे भलेच करतात, असे आपण म्हणालो. ते खरेही आहे. मग तोच न्याय आपल्या दारी वीट वाहणाऱ्यास का नसावा? शिवाय तो तर आपल्याच देशाचा नागरिक आहे. कोठेही राहण्याचा हक्क त्यास राज्यघटनेने दिला आहे.

तेव्हा आमचे मागणे साधे आहे. मजुरांची नोंदणी, किमान वेतन व सुरक्षित निवारा यांची खात्री पटल्यावाचून महापालिकेने कोणत्याही इमारतीस भोगवटापत्र देऊ नये. त्यांच्या मुलांस जवळच्या मराठी शाळेत, कागदपत्रांचा हट्ट न धरता, सामावून घ्यावे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचा तोच आदेश आहे आणि डोअर स्टेप स्कूलसारख्या संस्था बांधकामांवर जाऊन ते काम करीतही आहेत. मराठीच्या भवितव्याची ज्यांना चिंता आहे, त्यांनी या मुलांकडे पाहावे. चार वर्षे मराठी शाळेत बसलेले मूल मराठीत भांडते, मराठीत हसते. दरडावून जी भाषा कोणी शिकत नाही, ती फळ्यासमोर बसवल्याने सहज येते.