आधी गिऱ्हाईक दाखवा

मागच्या महिन्यात भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरचा एक पोरगा फाइल घेऊन आला. चाळीस पानं, पाच वर्षांच्या नफ्याचे तक्ते, तयार लोगो. "काकाजी, स्टार्टअप टाकू का? कोणत्या योजनेत बसेल?" मी विचारलं, आतापर्यंत कोणाला काय विकलंस? कोणालाच काही नाही.

राग त्याच्यावर नाही, त्याला हे शिकवणाऱ्यांवर आहे. जानेवारी २०१६ मध्ये स्टार्टअप इंडिया सुरू झालं, तेव्हापासून मेळाव्यांतून एकच शिकवण चालली आहे : आधी योजना शोधा, मग धंदा ठरवा. कर्ज मंजूर झालं की मंचावर सत्कार करतात. ते कर्ज फेडायचं असतं, हे त्या मंचावरून सांगणारा मला आजवर भेटलेला नाही. ही पोरांची फसवणूक आहे.

अनुदानाचंच बघा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के, विशेष गटाला ३५ टक्के अनुदान मिळतं. पण ते हातात पडत नाही. बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकून राहतं, आणि उद्योग चालू असेल तरच नंतर कर्जात वळतं होतं. नवा धंदा अडचणीत येतो तो याच तीन वर्षांत.

हे मी भोगून बोलतो. मी तांदळाची लहान गिरणी टाकली होती. यंत्रासाठी कर्ज पूर्ण मिळालं, धान घ्यायला अगदी तुटपुंजं. आपल्याकडे धान बाजारात येतं नोव्हेंबर-डिसेंबरात आणि शेतकऱ्याला पैसे रोख लागतात. तांदूळ मात्र वर्षभर थोडाथोडा विकला जातो, तोही उधारीवर. यंत्र नवं कोरं आणि गोदाम रिकामं, अशी चार वर्षं काढून मी कुलूप लावलं. सरकारी भरडाईचा मार्ग होता. क्विंटलभर धान घ्या, ६७ किलो तांदूळ द्या. पण तिथे दर, उचल आणि बिल, तिन्ही सरकारच्या हातात. त्याला मी धंदा म्हणत नाही, ती मजुरी आहे.

मग गप्प घरी बसायचं? मुळीच नाही. साकोलीजवळ मुंडीपारला २०१३ साली भेल या सरकारी कंपनीच्या कारखान्याची पायाभरणी झाली. जमिनी गेल्या, कारखाना आला नाही. तेव्हा दहावीत असलेली पोरं आज लग्नाची झाली. मोठा कारखाना येईल आणि नोकरी देईल, म्हणून अजूनही थांबायला सांगणारे बाप मला योजना विकणाऱ्यांइतकेच चुकीचे वाटतात.

करायचं ते असं करा. आपल्या भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन आहे. शेजारच्या बालाघाटच्या चिन्नोरला ते २०२१ मध्येच मिळालं. मानांकनाने नाव राखलं जातं, तांदूळ आपल्यालाच विकावा लागतो. हे धान उंच वाढतं, लोळतं, उतारा कमी देतं, म्हणून शेतकरी जास्त भाव मागणार आणि तो द्यावाच लागेल. तेव्हा यंत्र घेऊ नका. अन्नसुरक्षेची नोंदणी करा, पाच क्विंटल धान घ्या, दुसऱ्याच्या गिरणीत पैसे देऊन भरडून आणा. कणी वेगळी काढली की तीनेक क्विंटल तांदूळ उरेल. भंडाऱ्याहून नागपूर साठ किलोमीटरवर आहे. तिथल्या साठ घरांत पाच-पाच किलो विका, फुकट वाटू नका. मामा-मावशीची घरं या साठात धरू नका, ती प्रेमापोटी घेतात. मग बघा, दुसऱ्यांदा स्वतःहून कोण मागतं. वीस घरांनी मागितलं तर कंपनीचं बोलू. पाचांनीच मागितलं तर काही हजार गेले, पण शेत गहाण पडलं नाही. तांदूळ एक उदाहरण झालं. आंधळगावचं कोशाचं कापड असो की मोबाइलचं ॲप, विकून बघण्याआधी कर्ज काढणं मला गुन्हा वाटतो.

ज्यांच्या हातात कर्ज देणं आहे, त्यांनाही सांगतो. तुम्ही यंत्राचं कोटेशन मागता, त्याऐवजी पोराकडे त्याच्या गिऱ्हाइकांची वही मागा. वहीत दुसऱ्यांदा घेणारी घरं दिसली तर धानखरेदीसाठी खेळतं भांडवल द्या, आणि ते नोव्हेंबरात द्या. मार्चअखेरचं उद्दिष्ट गाठायला दिलेले पैसे घेऊन पोरगा तुमसरच्या बाजारात पोचतो, तेव्हा शेतकऱ्याच्या घरातलं धान केव्हाच विकून झालेलं असतं.