दोन अक्षरांची पुंजी

उन्हाळ्याच्या सुट्टीतील दुपार. बाहेर रायपूरचे ऊन रणरणत होते आणि घरात नात माझ्यासमोर स्क्रॅबलचा पट मांडून बसली होती. तीन डाव झाले, तिन्ही तिने जिंकले. माझे शब्द लांबलचक व भारदस्त. तिचे जेमतेम दोन-तीन अक्षरांचे. तरीही गुण तिचेच अधिक!

यामागील मर्म साधे आहे. १५ बाय १५ घरांच्या पटावर आधीच्या शब्दाला समांतर नवा शब्द लावला, की शेजारी आलेल्या अक्षरांच्या प्रत्येक जोडीचाही शब्द व्हावा लागतो. तसा तो झाला, तर त्याचेही गुण मिळतात. इंग्रजीच्या जागतिक स्पर्धांत मान्य असलेल्या यादीत असे दोन अक्षरी शब्द अवघे १२७ आहेत. ज्याला ते मुखोद्गत, त्याला चिंचोळ्या पटावरही वाट सापडते. ‘क्यू’ हे १० गुणांचे अक्षर ‘यू’वाचून हातात अडकून पडते, पण ‘क्यू’ आणि ‘आय’ मिळून प्राणशक्ती या अर्थाचा ‘ची’ हा चिनी शब्द होतो, हे ठाऊक असले की सुटका होते. आपला ‘ओम्’ही या यादीत आहे, आणि २०१९ पासून ‘ओके’सुद्धा!

काही जण याला पोपटपंची म्हणतात. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांनी तर फ्रेंच बोलता येत नसताना केवळ शब्दांच्या पाठांतरावर २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेतेपद मिळविले. तरीही पाठांतराला नावे ठेवणे मला पटत नाही. पावकी, निमकी, सवायकी पाठ असलेल्या पिढीने बँकांचे हिशेब तोंडी केले आहेत. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

प्रश्न आहे तो अर्थाचा. चौथ्या डावात नात म्हणाली, “आजी, मला ऊब आली.” आजीने लगबगीने कूलर सुरू केला. नातीला म्हणायचे होते, कंटाळा आला! हिंदीत ‘ऊब’ म्हणजे कंटाळा, ‘ऊन’ म्हणजे लोकर आणि ‘पीठ’ म्हणजे पाठ. आम्ही सारे हसलो. पण मनाला रुखरुख लागली. आजीच्या गोधडीत जी असते, ती ऊब या मुलीच्या शब्दकोशातून केव्हा निसटली, हे आम्हाला कळलेही नव्हते.

यात हिंदीचा दोष नाही. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी माणूस छत्तीसगडात नांदतो आहे. मराठी मातृभाषेच्या माधवराव सप्रे यांनी १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले आणि पुढे ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. दोन्ही भाषांतील शब्दांची पारख होती, म्हणूनच त्यांना हे साधले. एक भाषा मिळविताना दुसरी गमावण्याचे कारण नाही.

भाषा जाते ती लांब शब्दांपासून नव्हे. ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द वर्तमानपत्र जपेल. ‘ऊब’, ‘ओल’, ‘आच’, ‘वात’ हे घरानेच जपायचे असतात. म्हणून मुलांना इंग्रजीतील छोटे शब्द अवश्य पाठ करू द्यावेत. मात्र प्रत्येकाचा अर्थ विचारावा आणि त्याच्या जोडीला आपला एक छोटा शब्द द्यावा. आमच्या घरी आता वहीत रोज एक शब्द, त्याचा मराठी अर्थ आणि हिंदीत निराळा असल्यास तोही लिहिला जातो. पहिल्या पानावर अर्थातच ‘ऊब’ आहे.

आवर्ती ठेवीचा हप्ता लहानच असतो; मुदत संपल्यावर त्याचे मोल कळते. शब्दांच्या या ठेवीला तर मुदतही नाही. आपल्या घरी हे खाते आजच उघडावे!