स्विफ्ट, सानिया आणि संशयाचे राजकारण

गायिका टेलर स्विफ्ट आणि फुटबॉलपटू ट्रॅव्हिस केल्सी यांच्या साखरपुड्याची बातमी ऑगस्ट 2025 मध्ये आली, तेव्हा डोनाल्ड ट्रम्प यांनीही दोघांना शुभेच्छा दिल्या. त्याआधी जेमतेम दीड वर्ष, याच जोडीचे प्रेम खोटे असून ते अमेरिकी सरकारने जुळवून आणले आहे, असे ट्रम्प यांचेच काही समर्थक छातीठोकपणे सांगत होते. हा प्रवास पाहण्यासारखा आहे, कारण अफवा कशी उभी राहते याचा इतका स्वच्छ नमुना क्वचित मिळतो.

सुरुवात 9 जानेवारी 2024 ची. फॉक्स न्यूजवर जेसी वॉटर्स या निवेदकाने सांगितले की, चारेक वर्षांपूर्वी नेटोच्या एका बैठकीत पेंटागॉनच्या मानसशास्त्रीय युद्ध विभागाने स्विफ्टला हस्तक करण्याची कल्पना मांडली होती. पुराव्यादाखल एक चित्रफीत दाखवली. ती खरी होती. पण होती कशाची? 2019 साली एस्टोनियाची राजधानी टालिन येथे नेटोशी संलग्न सायबर संरक्षण केंद्राची परिषद झाली. तिथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतल्या एक संशोधक समाजमाध्यमांवर मत कसे पसरते हे समजावत होत्या. ज्यांच्या शब्दाला वजन असते अशा व्यक्तीचे उदाहरण म्हणून त्यांनी स्विफ्टचे नाव घेतले. वर्गात मास्तरांनी लोकप्रियतेचे उदाहरण म्हणून सचिनचे नाव घ्यावे, इतकेच ते होते. त्या बाई पेंटागॉनच्या नोकरीतही नव्हत्या. गंमत म्हणजे आपल्याकडे पुरावा नाही, हे वॉटर्स यांनी त्याच कार्यक्रमात कबूल केले. पण ते वाक्य कोण लक्षात ठेवतो!

पुढे त्यात भर पडत गेली. केल्सीने फायझरच्या लशीची जाहिरात केली होती, स्विफ्टने 2020 मध्ये बायडन यांना पाठिंबा दिला होता. झाले, दोन टोके जुळली. केल्सीचा संघ, कॅन्सस सिटी चीफ्स, सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. तेव्हा रिपब्लिकन उमेदवारीच्या शर्यतीतून नुकतेच बाहेर पडलेले विवेक रामस्वामी यांनी सुचवले की सामना कोण जिंकणार हे ठरलेलेच दिसते, आणि मुद्दाम मोठे केलेले हे जोडपे निवडणुकीत कुणाला तरी पाठिंबा देईल. मॉनमाउथ विद्यापीठाच्या फेब्रुवारीतल्या पाहणीत 18 टक्के अमेरिकनांनी असा छुपा सरकारी कट असल्याचे मानले. म्हणजे पाच-सहा माणसांत एक.

आता भाकित तपासू. 11 फेब्रुवारीला चीफ्स जिंकले, तेही जादा वेळेत 25-22 असे. ज्याला ठरवून जिंकायचे असते तो इतका जीव टांगणीला लावत नाही; पण कट मानणाऱ्यांना हेही पटते, खरे वाटावे म्हणून मुद्दाम तसे केले असे ते म्हणतात. मैदानावर बायडन यांचे नाव कोणी घेतले नाही. स्विफ्टने पाठिंबा जाहीर केला तो थेट 10 सप्टेंबरला, आणि तो कमला हॅरिस यांना, कारण बायडन जुलैतच माघारी फिरले होते. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या, आपण ट्रम्प यांच्या बाजूने असल्याचे दाखवणाऱ्या खोट्या चित्रांमुळे उघड बोलावे लागले, असे तिने लिहिले. म्हणजे खोट्यानेच तिला राजकारणात ओढले. चोवीस तासांत तिच्या दुव्यावरून चार लाखांहून अधिक लोक मतदार नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर गेले. आणि नोव्हेंबरात हॅरिस हरल्या. जगातल्या सर्वांत बलाढ्य लष्करी यंत्रणेचा कट असा फसला, तर त्याचा हिशेब कोणीतरी मागायला हवा होता. मागितला नाही.

या गायिकेचा आंतरराष्ट्रीय राजकारणाशी संबंध नाही, असे मात्र मला म्हणायचे नाही. संबंध आहे, आणि तो उघड्यावर आहे. मार्च 2024 मध्ये तिने सिंगापूरला सहा कार्यक्रम केले. आग्नेय आशियात दुसरीकडे कुठेही नाही. थायलंडचे तेव्हाचे पंतप्रधान स्रेत्था थविसिन यांनी जाहीर सभेत सांगितले की सिंगापूर सरकारने दर कार्यक्रमामागे वीस ते तीस लाख डॉलर मोजले, असे आपल्या कानावर आहे. फिलिपिन्समधल्या एका लोकप्रतिनिधीने तर परराष्ट्र खात्याने निषेध नोंदवावा अशी मागणी केली. शेवटी सिंगापूरचे पंतप्रधान ली श्येन लूंग यांना मेलबर्नमध्ये, आसियान-ऑस्ट्रेलिया परिषदेच्या वेळी, खुलासा करावा लागला: होय, पर्यटन विकास निधीतून प्रोत्साहन दिले, पण ते शेजाऱ्यांशी वैर म्हणून नव्हे. पंतप्रधान शिखर परिषदेत गाण्याच्या तिकिटांवर बोलतात, याहून मोठा राजकीय संबंध कोणता हवा? ऑगस्टमध्ये व्हिएन्नातले तिचे तीन कार्यक्रम दहशतवादी हल्ल्याचा कट उघडकीला आल्याने रद्द झाले; त्याची खबर ऑस्ट्रियाला देण्यात अमेरिकी गुप्तचरांचा हात होता. ही खरी माहिती वर्तमानपत्रांत छापून आली. तिच्यावर रात्र रात्र चर्चा झाली नाही. प्रेमप्रकरणाची मजा तिच्यात नाही ना.

अमेरिकेला हसायला आपल्याला सोपे जाते. पण आपण हैदराबादकरांनी हाच खेळ घरच्या अंगणात पाहिला आहे. एप्रिल 2010 मध्ये सानिया मिर्झाचे पाकिस्तानी क्रिकेटपटू शोएब मलिकशी याच शहरात लग्न झाले, तेव्हा बंजारा हिल्सच्या रस्त्यांवर कॅमेऱ्यांची जत्रा होती. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांनी तिने भारताकडून खेळू नये असे लिहिले. ती खेळत राहिली. तरी जुलै 2014 मध्ये नव्या तेलंगण राज्याने तिला सदिच्छादूत नेमताच इथल्या भाजपचे आमदार के. लक्ष्मण यांनी ‘पाकिस्तानची सून’ म्हणून आक्षेप घेतला. त्यानंतर दोन महिन्यांत तिने अमेरिकन ओपनची मिश्र दुहेरी जिंकली, आणि पुढच्या वर्षी मार्टिना हिंगिसच्या जोडीने विम्बल्डन.

त्या आक्षेपाचा दुसरा भाग मात्र बहुतेकांच्या स्मरणात नाही. तिचा जन्म महाराष्ट्रातला, हैदराबादला ती नंतर आली, म्हणून ती स्थानिक नाही, असेही आमदार म्हणाले होते. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना इथे ‘बिगर-मुल्की’ हा शब्द आठवल्याशिवाय राहणार नाही. लग्नावरून सुरू झालेला संशय बघता बघता जन्मगावावर आला. आपल्याकडे तर पिढ्यान्‌पिढ्या इथे काढलेली आणि तरीही पहिले बाळंतपण माहेरी, सोलापूरला नाहीतर नांदेडला करणारी घरे कितीतरी आहेत. सानियाला तेव्हा जाहीर निवेदन काढून सांगावे लागले, की आपले घराणे शंभराहून अधिक वर्षे हैदराबादचे आहे, आजोबा निजामाच्या रेल्वेत नोकरीला होते, आणि आई आजारी असल्याने तिला मुंबईच्या इस्पितळात न्यावे लागले, म्हणून जन्म तिथला. तीन आठवड्यांची असताना ती हैदराबादला आली होती.