पंप जरा बाजूला ठेवा!

सबमिशनच्या आठवड्यात बागेकडे बघायला वेळ कुणाला असतो? मलाही नव्हता. पण हॉस्टेलच्या दारातली जास्वंद रोज डोळ्यांवर यायची. कळ्या वेड्यावाकड्या, पानं चिकट, देठांवर कापसासारखं पांढरं काहीतरी आणि खोडावरून मुंग्यांची रांग. पिठ्या ढेकूण! एका रविवारी जुना टूथब्रश आणि बादलीभर साबणाचं पाणी घेऊन मी अख्खं झाड घासून काढलं. त्यात काही 'ढेकूण' जरा मोठे होते, अंगावर लांब लांब पांढरे धागे, आणि चक्क तुरुतुरु पळत होते. ते तर मी शोधून शोधून मारले.

संध्याकाळी माझ्या रूममेटनं बादलीत डोकावून पाहिलं. ती तासगावची, घरी द्राक्षबाग. तिनं कपाळालाच हात लावला. "अगं, हे क्रिप्टोलेमस आहेत! आमच्याकडे विकत आणून बागेत सोडतात, आणि तू ब्रशनं मारलेस?"

क्रिप्टोलेमस हा ढालकिड्याच्याच कुळातला, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८९८ साली तो आपल्याकडे आणला गेला. त्याची अळी दिसते हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी आणि खाते पिठ्या ढेकूणच. ओळखायची खूण एकच : ढेकूण बसून राहतो, अळी पळते. लाल, काळ्या ठिपक्यांची लेडीबर्ड मी के.जी.तल्या चित्रांच्या पुस्तकापासून ओळखते. पण तिची पोरं छोट्या काळ्या मगरीसारखी दिसतात, हे वयाच्या विसाव्या वर्षी कळलं. आपण मित्राला मारतो ते बहुतेक वेळा अशा अडाणीपणातूनच.

मी तर फक्त ब्रश चालवला. पण दर उन्हाळ्यात आपल्या बागेत पाठीवरचा पंप फिरतो, त्याचं काय? मला वाटतं, तो बंद व्हायला हवा. भावनेचा प्रश्न नाही, हिशेब सरळ आहे. माव्याची मादी नराशिवायच थेट पिल्लं घालते आणि ती पिल्लं आठ-दहा दिवसांत स्वतः पिल्लं घालू लागतात. ढालकिड्याला अंड्यापासून भुंगेरा व्हायला तीन-चार आठवडे लागतात. फवारलं की दोघंही मरतात, पण परत आधी कोण येणार? शत्रूच! मग पुन्हा फवारा. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात आपण असं उत्तर लिहिलं तर सर शून्य देतील.

हे मी पुस्तकी सांगत नाही. आपल्याच भागातली गोष्ट आहे. २००२ साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रभर आणि कर्नाटकात पसरला. पानांची खालची बाजू पांढरीफेक, वरची काळी. दोन पुरुष उंच उसात माणूस शिरणार कसा आणि फवारणार कसा? शेवटी कामाला आले ते किडेच. डिफाची अळी आणि मायक्रोमस हे दोघं मावा फस्त करतात. त्यांच्या अळ्या आणि कोष असलेली पानं एका शेतातून काढून दुसऱ्या शेतात बांधली गेली. पुढे आसामातून एन्कार्सिया नावाची चिमुकली गांधीलमाशीही आणली. जिथे हे मित्रकीटक दिसतील तिथे औषध मारू नका, असं शेतकऱ्यांना सांगावं लागलं. एवढा मोठा ऊसपट्टा ज्यांनी सांभाळला, त्यांना आपली दहा गुंठ्यांची बाग जड आहे का?

"मग डासांचं काय?" असं कुणीतरी विचारणारच. डेंग्यूचा डास जास्वंदीवर वाढत नाही, तो वाढतो आपल्या कूलरमध्ये आणि बाथरूमबाहेरच्या पिंपात. ते आठवड्यातून एकदा कोरडं करा की!

मित्रकीटक मात्र नुसते बोलावून येत नाहीत. क्रायसोपा आणि सिरफिड माशी यांच्या अळ्या मावा खातात, पण मोठेपणी त्यांना मध आणि परागकण लागतात. त्यांची तोंडं आखूड, त्यामुळे गुलाब-मोगरा त्यांच्या उपयोगाचा नाही. कोथिंबीर, शेपू, बडीशेप यांची बारीक उघडी फुलं हवीत. खंडाळ्याच्या एप्रिलच्या उन्हात कोथिंबीर लगेच फुलोऱ्यावर येते. मेसच्या दृष्टीनं वाईट, बागेच्या दृष्टीनं उत्तम. शिवाय पसरट ताटलीत खडे आणि थोडं पाणी, रोज बदललेलं. जास्वंदीच्या खोडाला टेप गुंडाळून त्यावर वर्कशॉपमधलं थोडं ग्रीस लावलं तर मुंग्या वर चढत नाहीत. मुंग्या चिकट गोड रसासाठी ढेकणांची राखण करतात आणि आपल्या मित्रांना हुसकावतात.

आणि एक विनंती. मागच्या कुंपणालगतची रुई 'स्वच्छता मोहिमे'त उपटू नका. तिच्यावरचा पिवळा मावा जास्वंदीकडे ढुंकूनही बघत नाही, पण ढालकिड्यांची पोरं त्यावरच पोसली जातात. शनिवारी मारुतीला पानं नेणाऱ्यांनी खालची बाजू बघून तोडावीत, एवढंच.

झाडं अगदी चकचकीत दिसणार नाहीत, हे कबूल. काही पानं जातील. पहिला महिनाभर तर रेक्टरसरांना बाग आणखीच बिघडल्यासारखी वाटेल. तेवढी कळ त्यांनी सोसावी, अशी माझी मागणी आहे. पंपवाल्याला जूनपर्यंत तरी बोलावू नका.

धणे मी मेसच्या मावशींकडून मागून घेतलेत. आमच्या खोलीबाहेरच्या डब्यात आहेत. चपलेखाली हलकेच रगडून दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवायच्या आणि पेरायच्या. जास्वंदीच्या अळ्यात मी परवाच टाकलेत. त्यावरून कृपया सायकली नेऊ नका.