डोंगरीच्या तुरुंगातील सहाध्यायी

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने संभाजीनगरलगतचे बजाजनगर वाढत गेले. नोकरीनिमित्त ठिकठिकाणांहून आलेली, पदवी-पदविका मिळवलेली कुटुंबे येथे स्थिरावली. अशा वस्तीत महाविद्यालयीन मित्रांचे स्नेहमेळावे भरणे स्वाभाविकच. तथापि तेथे वर्गमित्राचा परिचय कसा करून दिला जातो, हे पाहण्याजोगे असते. कोण कोणत्या हुद्द्यावर पोहोचला, कोणाचा मुलगा अमेरिकेत गेला, हे सविस्तर सांगितले जाते. कोणी रात्रपाळी सांभाळून संतवाङ्मयावर टिपणे काढली, कोणी आपल्या गावाचा इतिहास जुळवला, याची चौकशी सहसा होत नाही. विचारलेच तर उत्तर ठरलेले: नोकरी-संसारातून सवड कोणाला?

सवडीचा हा युक्तिवाद तपासायचा असेल, तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १८७० च्या दशकात शिकलेल्या तरुणांकडे पाहावे. बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर, दोघांचाही जन्म १८५६ चा. सरकारी नोकरीच्या वाटेला न जाता शिक्षणकार्यास वाहून घेण्याचा निश्चय त्यांनी तेथेच केला. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, असा कामाचा डोंगर उभा राहिला. त्यातच कोल्हापूरच्या कारभाऱ्यांवरील लेखनाबद्दल १८८२ मध्ये दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. तेथेही रात्री त्यांचे वाद इतके रंगत की पहारेकऱ्यांना समज द्यावी लागे. या तुरुंगवासाची हकीकत आगरकरांनी लिहून ठेवली. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे त्यांनी केलेले भाषांतर ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले.

टिळकांची ग्रंथसंपदा सर्वज्ञात आहे. ‘ओरायन’ १८९३ चा, ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ १९०३ चा. ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात शिसपेन्सिलीने लिहिले गेले आणि १९१५ मध्ये प्रकाशित झाले. ज्यांच्यामागे खटले, वृत्तपत्र आणि अखंड राजकारण होते, त्यांनी वेदकालनिर्णयासारखा विषय हाती घ्यावा, यातच बरेच काही आले.

तिसरे नाव मात्र मागे पडले आहे. वामन शिवराम आपटे हेही डेक्कन कॉलेजचेच विद्यार्थी. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते शिकवत आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाल्यावर त्याचे पहिले प्राचार्य झाले. संस्था नवी, पैसा अपुरा. त्या धबडग्यात त्यांनी संस्कृत-इंग्रजी कोश सिद्ध केला. तो १८९० मध्ये प्रसिद्ध झाला. दोनच वर्षांनी, वयाच्या चौतिशीत, ते गेले. आज संस्कृत शिकणारा जगातील कोणीही विद्यार्थी हा कोश उघडतो. तो एका शाळामास्तराने तिशीच्या उंबरठ्यावर तयार केला, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते.

हे मित्र एकमताचे होते, असेही नव्हे. आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला आणि पुढील वर्षी ‘सुधारक’ काढला. टिळकांनी १८९० मध्ये सोसायटीचा राजीनामा दिला. संमतिवयाच्या विधेयकावर दोघे परस्परांवर तुटून पडले. राष्ट्रीय विचारांच्या वर्तुळात टिळकांचे स्मरण उत्साहाने होते आणि आगरकरांचे नाव निघताच स्वर खाली येतो. हे न्यायाचे नाही. दुसऱ्याला लेखणीने उत्तर द्यायचे म्हणून प्रत्येकाने आपली लेखणी धारदार ठेवली, आणि त्यातून मराठी गद्याला जे बळ आले त्याचे श्रेय दोघांचेही आहे. आपट्यांच्या मागे फर्ग्युसनचे प्राचार्यपद सांभाळणारे आगरकर १८९५ मध्ये वारले, तेव्हा ‘केसरी’तील मृत्युलेख टिळकांनी लिहिला. लिहविताना त्यांना अश्रू आवरले नाहीत, असे सांगतात.

यंत्रावर आठ तास उभा राहणारा माणूस कोश रचू शकेलच असे नव्हे, आणि तशी सक्तीही कोणी करू नये. परंतु बजाजनगरात हस्तलिखिते, टिपणवह्या, पदरमोड करून छापलेली पुस्तके घरोघरच्या कपाटांत नसतील असे मानण्याचे कारण नाही. स्नेहमेळाव्याच्या निमंत्रणपत्रिकेत हुद्दा आणि दूरध्वनी क्रमांक मागितला जातो, तेथेच ‘काय लिहिले, काय अभ्यासले’ असा एक रकाना घालावा. त्यावर बोलायला भोजनापूर्वीचा अर्धा तास पुरे.