दानाचा हिशेब

दान गुप्त असावे, असे आपल्याकडे पूर्वापार मानीत आले आहेत. गुप्त ठेवावयाचे ते दात्याचे नाव. श्रीमंत राष्ट्रे गरीब राष्ट्रांस जी विकासमदत देतात, तिने हा संकेत नेमका उलटा केला आहे. दात्याचे नाव फलकावर ठळक अक्षरांत, आणि दानाचे फळ मात्र गुप्त! किती पैसा दिला, किती पुस्तके वाटली, यांच्या याद्या अहवालांत हव्या तितक्या सापडतात. त्यायोगे कोणाचे काय बरे झाले, हे विचारणारा मात्र कोत्या मनाचा ठरतो.

आफ्रिकेतील ‘प्लेपंपा’चे उदाहरण घ्या. मुलांनी गोल चक्रावर खेळावे आणि त्या खेळाने जमिनीतील पाणी वर यावे, अशी ही मोहक कल्पना. २००६ साली अमेरिकेत तिचा जयजयकार झाला. २०१० पर्यंत ४,००० पंप बसविण्याचा संकल्प सुटला. प्रत्यक्षात मुले खेळावयास नसली, की ते जड चक्र बायांनाच हातांनी फिरवावे लागे. साधा हातपंप याहून स्वस्त व सोयीचा, हे पाणी भरणाऱ्या कोणत्याही बाईने सांगितले असते. पण तिला विचारतो कोण?

दोषाचे मूळ येथेच आहे. दुकानदाराने वाईट माल दिला तर गिऱ्हाईक दुकान बदलते. नळास पाणी आले नाही तर मतदार नगरपालिकेस जाब विचारतो. परदेशी मदतीत पैसा देणारा एका खंडात आणि पाणी भरणारी दुसऱ्या खंडात. तिला ना दुकान बदलता येत, ना मत देता येत. कामाचे प्रामाणिक मोजमाप हाच तिचा आवाज होय.

आणि मोजावयाचे ते तुलनेने. १९९६ साली पश्चिम केनियातील १०० शाळांपैकी २५ शाळांस प्रथम पाठ्यपुस्तके देऊन उरलेल्यांशी ताडून पाहिले. पुस्तकांनी विद्या वाढणार, याविषयी कोणास शंका येईल? पण सरासरी गुण वाढले नाहीत. जी मुले आधीच हुशार होती, त्यांनाच काय तो लाभ झाला. पुस्तके इंग्रजीत, आणि इंग्रजी ही बहुतेक मुलांची तिसरी भाषा! तुलना नसती, तर त्या हुशार मुलांची छायाचित्रे छापून यशाचे ढोल वाजले असते.

यावर कोणी म्हणतील, तुलनेसाठी काहींस वंचित ठेवणे निर्दयपणाचे आहे. मेक्सिकोने याचे उत्तर दिले आहे. मुलांना शाळेत धाडणाऱ्या गरीब कुटुंबांस रोख साह्य देण्याची योजना तेथे १९९७ साली निघाली. पाहणीतील ५०६ गावांपैकी ३२० गावांस ती आधी मिळाली, १८६ गावांस मागाहून. सर्वांस एकदम पुरेल इतके बळ नव्हतेच. कोणास तरी थांबावे लागणारच होते. त्या थांबण्यातून ज्ञान मिळाले. मुलींचे माध्यमिक शिक्षण वाढल्याचे दिसून आले, आणि २००० साली सत्ता दुसऱ्या पक्षाकडे गेली तरी योजना मोडली नाही, उलट विस्तारली.

माणसाचे सुखदुःख तराजूत मावत नाही, हे आम्हांस मान्य आहे. पण हे तत्त्वज्ञान सांगणारे लोक वर्गणी मागताना मात्र आकड्यांचाच आधार घेतात, याचे नवल वाटते. खरा निर्दयपणा मोजण्यात नाही. निरुपयोगी वस्तू गरिबाच्या दारात ठेवून त्याच्या कृतज्ञतेची अपेक्षा करण्यात आहे. म्हणून पुढला अहवाल हाती येईल तेव्हा सुज्ञ वाचकाने ‘किती दिले?’ हे विचारू नये. ‘दिले नसते तर काय झाले असते?’ एवढेच विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत पैशाची पिशवी सोडू नये.