दुखत नाही, पण उठवत नाही

मराठीत थकव्याला शब्द कमी नाहीत. शीण आहे, ग्लानी आहे, दमणूक आहे. आमच्या धाराशिव जिल्ह्यात माणूस गळाटतो, त्याचे हातपाय गळतात, त्याला अवसान राहत नाही. पण या सगळ्या शब्दांच्या पोटात एक समजूत दडलेली आहे. काम केले म्हणून थकलो, आता रात्रभर झोप काढली की सकाळी ताजेतवाने. कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या माणसाचा थकवा या समजुतीत बसत नाही. तो काम न करता येतो आणि झोप काढल्यावरही जात नाही. म्हणूनच घरच्यांना तो खरा वाटत नाही. तो खरा आहे, शरीरातूनच निघालेला आहे आणि त्याला आळस म्हणून आपण रोग्याचे नुकसान करतो, एवढे सांगण्यासाठी हा लेख.

मी डॉक्टर नव्हे. नोकरी बँकेत केली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पण काउंटरच्या या बाजूला बसून माणसे फार जवळून दिसतात. २००६ च्या सुमारास मी लोहाऱ्याला शाखेत होतो. बचतगटाचे व्यवहार पाहणारी चाळिशीतली एक बाई नेहमी येत असे. हिशेबाला चोख, बोलायला खणखणीत. मध्ये काही महिने दिसली नाही. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला होता. रेडिएशन झाले, सलाईनमधून औषधे झाली, रिपोर्ट चांगले आले. मग एके दिवशी सासूबरोबर आली. एस.टी. स्टँडपासून शाखेपर्यंतच्या एवढ्याशा अंतरात तीनदा बसली होती म्हणे. सासूबाई माझ्याकडेच तक्रार करू लागल्या, “साहेब, आजार गेला म्हणून डाक्टरनी सांगितलं, तरी ही पडूनच ऱ्हाते. आता तुम्हीच समजावून सांगा.” सून खाली मान घालून म्हणाली, “दुखत न्हाई कुठंच. पण उठवतच न्हाई.”

सासू काही दुष्ट नव्हती. पाच आठवडे दवाखान्यात सुनेच्या उशाशी तीच बसली होती. पण तिच्या आयुष्यात दुखण्याची खूण म्हणजे ताप, सूज किंवा कळ. यातले काही नाही आणि बाई उठत नाही, म्हणजे काय समजायचे? आणि सुनेच्या मनात त्याहून वाईट काहीतरी चालले होते. रोग परत आला असणार, डॉक्टर सांगत नाहीत, असे तिने ठरवून टाकले होते.

या दोघींना तेव्हा कुणीतरी जनावरांच्या डॉक्टरचा दाखला द्यायला हवा होता. कॅलिफोर्नियातल्या बेंजामिन हार्ट नावाच्या पशुवैद्यकाने १९८८ मध्ये एक लेख लिहिला. आजारी जनावर चारा टाकते, कळपापासून बाजूला होते, कान पाडून एका जागी बसते. आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला हे ठाऊक आहे. हार्ट यांनी दाखवले ते असे, की ही जनावराची निव्वळ दुर्बळता नव्हे. शरीरानेच दिलेला तो हुकूम आहे. रोगाशी लढाई चालू आहे, तेव्हा शक्ती दुसरीकडे खर्चू नकोस, पडून राहा. हा हुकूम मेंदूपर्यंत पोचवणारी रसायने रोगप्रतिकारक पेशी सोडतात. त्यांना सायटोकाईन म्हणतात. इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ ही त्यांतली नेहमी ऐकू येणारी नावे. साध्या फ्लूमध्ये आपण दोन दिवस लोळागोळा होतो, त्यामागे हीच मंडळी असतात.

आता कर्करोगाच्या उपचारात काय होते पाहा. रेडिएशन आणि औषधे पेशी मारतात. रोगट मारतात, शेजारच्या चांगल्याही काही मारतात. ती पडझड आवरायला प्रतिकारयंत्रणा धावते आणि तीच रसायने पुन्हा सुटतात. फरक इतकाच, की फ्लू दोन-चार दिवसांत संपतो आणि रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस, असे पाच-पाच आठवडे चालते. त्यामुळे हा थकवा साचत जातो. पहिल्या आठवड्यात रोगी म्हणतो, मला तर काहीच झाले नाही! शेवटच्या आठवड्यात त्याला जिना चढवत नाही आणि घरी आल्यावरही काही आठवडे तसेच राहते. केमोथेरपीची चाल वेगळी. प्रत्येक डोसनंतरचे काही दिवस पार झोपवतात, मग जरा वर येतो, तोवर पुढचा डोस. बहुतेकांचा थकवा हळूहळू ओसरतो, पण सगळ्यांचा नाही. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात ज्युलियन बोअर यांनी स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या बायकांचा अभ्यास केला. ज्यांचा थकवा उपचारानंतर काही वर्षांनीही हटला नव्हता, त्यांच्या रक्तात दाहाच्या खुणा अधिक सापडल्या. कॉर्टिसोल नावाचे संप्रेरक निरोगी माणसात सकाळी चढते आणि रात्री उतरते. या बायकांत तो उतार सपाट झाला होता. म्हणजे अंगातले घड्याळच बिघडलेले. अशा बाईला ‘मन घट्ट कर’ म्हणून सांगण्यात काय अर्थ आहे?

याच्या जोडीला आपल्याकडची एक खास गोष्ट. औषधांनी अस्थिमज्जा दबते आणि हिमोग्लोबिन उतरते, हे जगात सगळीकडेच होते. पण २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायका मुळातच रक्तक्षयी आहेत. बँकेच्या भाषेत सांगायचे तर खाते आधीच ओव्हरड्राफ्टमध्ये आणि वरून हा खर्च.

कर्करोगाच्या बाबतीत आमचा भाग काही अडाणी नाही. शेजारच्या बार्शीत नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे, आणि देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली तिथेच सुरू झाली. आमच्या जिल्ह्यातल्या तर १,३१,७४६ बायका एका मोठ्या संशोधनात होत्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची कोणती तपासणी उपयोगी, हे त्यात पाहिले गेले. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हा त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये अमेरिकेच्या नामवंत वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि जगभर वाचला गेला. ज्या गटाची तपासणी झाली नाही, त्या बायकांवरून पुढे वादही झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. संशोधनाचा प्रश्न मरणाचा होता, उत्तर मरणाचे मिळाले. जी बाई वाचली, ती पुढे खुरपायला कशी गेली, हे विचारण्याचे काम मात्र कुणाचेच नव्हते.

ते कुणाचे तरी असायला हवे. कारण इथे नुसता सहानुभूतीचा मामला नाही. रेडिएशनच्या मधल्या आठवड्यात ‘आता अंगात त्राण नाही, जरा घरी जाऊन येतो’ म्हणून रोगी गावी परततो आणि चार-आठ दिवस काढतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात उपचार असा लांबला की त्याचा गुण कमी होतो. हा थकवा येणार आहे, तो उपचाराचा भाग आहे, रोग वाढल्याची खूण नव्हे, असे पहिल्याच दिवशी सांगितले, तर गावी निघालेला एखादा तरी थांबेल.

दुसरे सांगणे जरा उलटे वाटेल. लाडाने ‘तू हलूच नकोस’ म्हणून रोग्याला खाटेवर खिळवणारी घरेही मी पाहिली आहेत. हेही बरे नाही. पडून राहिले की स्नायू झिजतात, आणि झिजलेल्या स्नायूंना उठणे आणखी जड जाते. २०१७ मध्ये ११३ चाचण्यांचा एकत्र विचार करून निघालेला निष्कर्ष असा, की या थकव्यावर गोळ्यांपेक्षा व्यायाम आणि मानसिक आधार जास्त उपयोगी पडतात. व्यायाम म्हणजे जोर-बैठका नव्हेत. सकाळी अंगणात दहा मिनिटे, पुढच्या आठवड्यात शेजारच्या गल्लीपर्यंत. अर्थात आधी डॉक्टरांना विचारून. ताप असेल, रक्त फार उतरले असेल, हाडापर्यंत रोग गेला असेल तर गोष्ट वेगळी. आणि डॉक्टरांनीही रक्त, थायरॉईड, झोप, दुखणे, मनाची उदासी हे सारे तपासून घ्यावे. यातल्या बहुतेकांवर इलाज आहे. ‘अशक्तपणा आहे, टॉनिक घ्या’ हे उत्तर मला तरी पटत नाही.

मोठ्या रुग्णालयांत रोग्याला विचारतात, शून्य ते दहामध्ये तुमचा थकवा किती? चांगला प्रश्न आहे, पण आमच्या बाईला तो तसा विचारून चालणार नाही. स्वतःला गुण द्यायची तिला सवय नाही, आणि परक्यासमोर ती ‘बरं हाय’ म्हणून मोकळी होते. आशाताईंनी तिला तिच्या भाषेत विचारावे. न बसता देवळापर्यंत जाता येते का? निम्मी घागर उचलते का? वेणी घालताना हात खाली घ्यावे लागतात का? उत्तर फाईलमध्ये तारखेसह लिहावे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच विचारावे. प्रश्न विचारताना सासूबाईंना शेजारी बसवून घ्यावे.